कांद्याच्या वखारीतली मासवडी

आमच्या गावची कांद्याची वखार एवढी लांब आहे की एकदा या दारातून आत शिरलेली मांजर त्या दारातून बाहेर पडली तेव्हा तिच्यामागून तीन पिल्लं चालत होती. आत जाताना ती गाभणही नव्हती. हे मी पाहुण्यांना सांगितलं की पाहुणे हसतात. मी हसणाऱ्याला हाताला धरून वखारीत नेतो आणि मधोमध उभा करतो. मग तो हसायचा थांबतो आणि दुसरं दार कुठल्या बाजूला आहे ते विचारतो.

ही वखार आमच्या आज्या-पणज्यांनी बांधली. तेव्हा चाकणच्या बाजारात आमच्या गावचा कांदा उतरला की व्यापारी म्हणे चपला काढून लिलावाला उभे राहायचे. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. दोघींचं कशातच एकमत नाही, पण वखारीपुरतं झालं. दोन्ही आळ्यांनी जागेची एकेक पट्टी दिली, घरटी माणूस दगड उचलायला आला आणि शेवटी सगळ्यांनी देवळात जाऊन हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतली की या वखारीत कांद्याशिवाय दुसरं काही राहणार नाही. भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्याकडे कोर्टात जात नाही. त्याच्यापुढं कोर्टच लहान पडतं.

मग कंपन्या आल्या. चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड अशा उगवल्या की आमच्या कांद्यालाही तेवढा जोर कधी आला नव्हता. रानं गेली. पुरुषांना त्या बदल्यात बरंच काही मिळालं. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तीन मजली बंगला बांधला आणि पांढरीशुभ्र गाडी घेतली. गाडी एवढी उंच की तिच्यात चढताना म्हातारी माणसं आधी देवाचं नाव घेतात. गाडीत चप्पल घालून बसायला बंदी. मी स्वतः कामगारांसाठी खोल्या काढल्या आणि उरलेला वेळ आवाजाला दिला. बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढावर, माइकवर बोलणारा जो माणूस असतो ना, तो मी. माझ्या आवाजाने एकदा एक बैलजोडी शर्यतीची रेघ ओलांडून थेट राजगुरुनगरच्या रस्त्याला लागली होती. पण ते जाऊ द्या.

बायकांना काय मिळालं? फरशी मिळाली.

वहिनीचं मी डोळ्यांनी बघितलं आहे. ही बाई रानात असताना कांदा लावायला वाकायची ती बांध आल्यावरच उभी राहायची. वीस बायकांना कामाला लावायची, भांडणं सोडवायची आणि लावायचीसुद्धा. रान गेलं आणि ती तीन मजली बंगल्यात येऊन बसली. सकाळी नऊला तिचं सगळं काम संपायचं. मग ती फरशी पुसायची. पुसून पुसून तिने फरशी अशी चकचकीत केली की तळमजल्यावर उभं राहिलं की वरच्या मजल्याची कौलं दिसायची, आणि बंगल्याला कौलं नव्हतीच. दुपारी ती गच्चीवर जाऊन कंपनीच्या भिंतीकडे बघत बसायची. भिंतीपलीकडे तिचं जुनं रान होतं, सिमेंटखाली. आवाज बारीक झाला, जेवण कमी झालं. दादाने तिला निगडीच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, चालायला जा. वहिनी म्हणाली, "जायचं कुठं, ते सांगितलंच न्हाई त्यांनी."

जायची जागा सापडली ती माझ्या भाडेकरूंमुळे. माझ्या खोल्यांत लातूर-परभणीकडची, खानदेशातली पोरं राहतात. शिफ्टवरून आली की मेसचं डबडं उघडतात. त्यातलं वरण एवढं पातळ की एका पोराला त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याने दाढी करून घेतली. जत्रेला वहिनीने मासवडी केली होती. उरलेली तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "भावजी, पोरांना द्या, टाकू नका."

मासवडी ज्याने खाल्ली नाही त्याच्यासाठी सांगतो. बेसनाचं घट्ट पिठलंच करतात, ते ओल्या फडक्यावर थापतात, आत तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा आणि लसूण यांचं सारण भरतात आणि फडक्यानेच गुंडाळून माशासारखा आकार देतात. मग वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासा नाही, मटण नाही, तरी खाणारा दोन्ही खाल्ल्यासारखा घामाघूम होतो.

पोरांनी पातेलं परत आणलं ते घासून. घासून म्हणजे चाटून. दुसऱ्या दिवशी चार पोरं बंगल्याच्या फाटकात उभी. "काकू, उद्या आहे का?"

पाहता पाहता वहिनीने खालच्या आळीतल्या बायका गोळा केल्या, बचत गट केला आणि रिकाम्या पडलेल्या वखारीचं एक टोक झाडून चुली मांडल्या. गॅसच्या शेगड्या नंतर आल्या. तिचा आवाज परत आला. एवढा परत आला की मला माइकची काळजी वाटायला लागली. दादाला बंगल्यात पाणी मागायला फोन करावा लागायचा आणि फोन वहिनी उचलायची नाही. "हात पिठाचा हाय," असं तिथली कुणीतरी सांगायची.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना गोदामवाला आला.

त्याला वखार हवी होती. कंपन्यांचे खोके ठेवायला एवढी ऐसपैस जागा रस्त्यालगत दुसरी नव्हती. वखारीच्या पंचांत दादा मुख्य. गोदामवाला असं गोड बोलायचा की त्याच्यासमोर चहात साखर घालायची गरज नव्हती. त्याने नारळाएवढं पितळी कुलूप आधीच आणून दादाच्या स्वाधीन केलं होतं.

मी दादाला म्हणालो, "आणि भंडाऱ्याचं काय? कांद्याशिवाय काही ठेवायचं नाही म्हणून शब्द आहे."

दादा म्हणाला, "कांदा कुठाय आता? कांदा संपला, शब्द संपला. अन् तुझ्या वहिनीच्या तिथं तरी काय कांदा भरलाय? चूलच हाय ना?"

वहिनी दाराआडून ऐकत होती. बाहेर आली. दोघांत काय बोलणं झालं ते सगळं मी सांगत नाही, कारण शेजाऱ्यांनी ते माझ्याआधीच सांगितलं आहे. शेवटी ठरलं ते असं. ग्रामसभेपर्यंत एखाद्या कंपनीच्या कँटीनची कायमची ऑर्डर आली तर वखार बायकांकडे राहील. नाही आली तर कुलूप. दादा वाईट माणूस नाही. त्याला वाटत होतं की खोल्यांतल्या चार पोरांना वड्या खाऊ घालून गावाचं काही होत नाही, भाड्याने होतं. त्यात चूक काय? फक्त वहिनी परत गच्चीवर जाऊन बसेल हे त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. आणि वहिनीला तर त्या भिंतीची वीटन् वीट पाठ होती.

कँटीनचा साहेब मी आणला. ते मात्र निर्विवाद माझं काम.

शेजारच्या गावच्या जत्रेत शर्यती होत्या. दोन बाऱ्यांच्या मध्ये, म्हणजे एक गाडा पळून गेला आणि दुसरा जुंपतोय, तेवढ्या वेळात लोकांना धरून ठेवायचं असतं. मी सुरू केलं. "मंडळी! आमच्या गावच्या मासवडीचा वास सुटला की कंपनीचा भोंगा आपोआप वाजतो! एक साहेब वडी खाऊन असा खूश झाला की त्याने अख्ख्या शिफ्टला सुट्टी दिली अन् स्वतः घरी जायचं विसरला!" लोक हसले, गाडा सुटला, धुरळा उडाला. धुरळा बसला तेव्हा माइकच्या मांडवाशी एक गृहस्थ उभे. पोट नीट, मिशा नीट, हातात रुमाल.

"ते साहेब कोण ओ?" त्यांनी विचारलं.

"कोणते?"

"घरी जायचं विसरलेले. मी पण एका कंपनीचं कँटीन बघतो. लातूरकडला आहे मी. आमची पोरं जेवण टाकून देऊ लालीत. रोज."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "साहेब, ते साहेब तुम्हीच. फक्त अजून यायचे राहिलात."

गुरुवारी यायचं ठरलं. आमच्या भागात गुरुवार सुट्टीचा, कंपन्यांची वीज बंद, त्यामुळे साहेबाला सवड. त्यांनी साधं सांगितलं होतं. थोडा नमुना चाखणार, पाणी बघणार, हात धुता का ते बघणार, डोकं झाकलेलं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम.

अर्धा तास! आमच्या गावात अर्ध्या तासात चपला काढून होत नाहीत.

गुरुवारी पहाटे वहिनी वखारीत पोचली तर दारात आत्या बसलेली. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. दिली गावातच, पण वरच्या आळीत, त्यामुळे माहेर खाली आणि अभिमान वर. वय विचारलं तर माठ फेकून मारते. सोबत वरच्या आळीच्या बायका, पातेली, फडकी, आणि आत्याच्या डोक्यावर नातवाचं मोटारसायकलचं हेल्मेट.

"आत्या, हे काय?" वहिनी म्हणाली.

"डोकं झाकायचं म्हनला ना त्यो सायेब? झाकलं."

"तुम्ही इथं कशाला म्हणते मी."

"कशाला म्हंजी? वखारीत आमची पट्टी न्हाई व्हय? निम्मी वखार आमची, मग निम्मी मासवडी आमची. तुमची ती खोबऱ्याची गोडमिट्ट वडी खाऊन सायेब म्हनंल, गाव आजारी हाय का."

इथे मूळ भांडण सांगायला हवं. खालच्या आळीची मासवडी खोबऱ्याची, तोंडात विरघळणारी, रस्सा बेताचा. वरच्या आळीची तिळाची, लसणाची, आणि रस्सा असा की एकदा त्याचा थेंब माझ्या चपलेवर पडला तर चप्पल दोन पावलं पुढं गेली. दोन्ही आळ्यांत मुली देतात, मुली घेतात, पण लग्नात कुणाची मासवडी यावरून मुहूर्त टळलेले आहेत. वहिनीने ठरवलं होतं की साहेबासमोर एकच चव ठेवायची. पण आता हेल्मेट घालून बसलेल्या आत्याला उठवणार कोण?

वहिनी पदर खोचून म्हणाली, "करा तुमची. त्या कोपऱ्यात. पण साहेब आधी माझ्या ताटावर बसणार."

"बसू दे. उठून इकडंच यायचाय."

साहेब दहाला आले. पाणी बघितलं, हात बघितले, आत्याचं हेल्मेट बघून एक पाऊल मागे गेले. मग खिशातून चमचा काढला. माणूस जेवायला येतो आणि स्वतःचा चमचा आणतो, हे आमच्याकडे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

"अहो साहेब, ठेवा ते खिशात," वहिनी म्हणाली. "चमच्यानं औषध घेतात. बसा ताटावर."

"ताई, मला दोनच घास बास. मी चव बघायला आलोय."

"नुसतं उष्टं करा."

ज्याला आमचं 'नुसतं उष्टं करा' माहीत नाही त्याचा इथेच घात होतो. जत्रेत आमच्याकडे पाहुणा दहा घरी जातो आणि दहाही घरी नुसतं उष्टं करतो. ते करताना बाजूला एक बाई भाकरी घेऊन उभी, एक रस्सा घेऊन, आणि एक नुसतं बघत, की पाहुण्याने हात आखडला कधी. ताटातलं संपलं की वाढायचं, नाही संपलं तर आवडलं नाही का म्हणून वाढायचं. साहेब अनुभवी वाटत होते पण तो अनुभव लातूरकडच्या आग्रहाचा होता. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचा आग्रह त्यांनी पाहिला नव्हता.

"मी खायलालोच की ओ!" ते म्हणत होते आणि खरंच खात होते.

वहिनीच्या ताटावरून उठले ते आत्याने त्यांना धरलं. "तिकडं जेवलात, इकडं पाय बी न्हाई धुतला. आमी काय वाळीत टाकल्यालं हाय?"

"नाही मावशी, तसं नाही, पण पोट..."

"पोट हायेच. ते काय घरी ठिवून आलात?"

आत्याचा पहिला घास घेतला आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टाळू लाल. मला वाटलं, गेला माणूस आणि गेली ऑर्डर. पण त्यांनी डोळे पुसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "अजून एक वडी द्या."

नंतर जे झालं त्याला गावातली निम्मी माणसं साक्षी आहेत, उरलेली निम्मी मी सांगितल्यापासून साक्षी आहेत. साहेब हात धुवायला उठले आणि वाटेत रिकाम्या गोण्यांच्या थप्पीला टेकले. वखारीत भर उन्हातही गारवा असतो, कांद्यासाठी हवा खेळती ठेवलेली. टेकले ते आडवे झाले, आडवे झाले ते घोरायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांचा ड्रायव्हर शोधायला आला. "साहेब कुठं आहेत?" एवढंच विचारलं बिचाऱ्याने. त्याला दोन्ही आळ्यांनी बसवलं. तोही साहेबांच्या शेजारी. मग कंपनीचा वॉचमन मोटारसायकलवर दोघांना शोधायला आला. तिघे ओळीने गोण्यांवर असे पडले होते की वखार भरल्यासारखी वाटत होती. साहेबांचा फोन वाजला तो मी उचलला. पलीकडून कुणीतरी साहेब कुठायत म्हणून विचारलं. मी म्हणालो, "तपासणी चालू आहे. खोलवर."

दादा दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर ते पितळी कुलूप. वास त्यालाही येत होता. दोनदा त्याने कुलूप या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

साहेब उठले, तोंड धुतलं, चहा घेतला. दोन्ही आळ्या समोर उभ्या. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे उभे असतात तशा. साहेबांनी कप खाली ठेवला.

"ताई, मावशी," ते म्हणाले, "असं जेवण मी आईच्या हातचं जेवलो होतो, त्यानंतर आजच. पण मला ऑर्डर देता येईना."

"का?" वहिनीचा आवाज.

"कँटीनचा नियम आहे. सोमवारी जी चव तीच शनिवारी. मी हजाराच्या वर पोरांना जेवायला घालतो. आज गोड लागलं, उद्या तिखट लागलं की युनियन माझ्या टेबलावर. इथं एका वखारीत दोन चवी. आज दोन, उद्या तुमच्या सुना आल्या की चार. मी कुणाला काय सांगू?"

दादाने कुलूप हातात घेतलं. उघडून, बंद करून बघितलं. तो आवाज वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

वहिनीने चुलीपुढच्या राखेतून हात फिरवला, उगाच. मग पदराला हात पुसले. मी तिला अशी एकदाच पाहिली होती, मोजणीवाले रानात साखळी टाकत होते तेव्हा.

"आत्या," ती म्हणाली, "तुमचीच ठेवू."

"काय?"

"तुमची चव ठेवू. तिळाची. मी शिकीन. खालच्या आळीच्या बायका तुमच्या हाताखाली काम करतील. माझं राहू द्या. वखार राहू दे."

आत्याला आयुष्यात कुणी एवढं मोठं दान दिलं नव्हतं. तिच्यात आणि वहिनीत वीस वर्षांपासून मासवडीवरून बोलणं नव्हतं, म्हणजे बोलणं होतं, पण ओरडूनच. आता ती जिंकली होती. मला वाटलं, आत्या नाचेल.

आत्याने हेल्मेट काढलं.

"मी खाल्ली तुजी," ती म्हणाली.

"कधी?"

"मगाशी. सायेब झोपला तवा. कुनी बगत न्हवतं." आत्या इकडेतिकडे बघायला लागली. "माज्या पोटाला माजी सोसत न्हाई आता. चार वर्सं झाली. घरात करती, सगळ्यांना वाढती, अन् मी दुधभाकर खाती. तुजी वडी ठेव. ती मऊ हाय. पोरं येरवाळी, पहाटंच कामाला जात्यात, माजा रस्सा खाऊन मशीनीवर उभी ऱ्हातील का?"

"नाही आत्या, तुमचीच."

"गप ए! मी थोरली का तू?"

"थोरल्या आहात म्हणूनच तुमची!"

"तुजी म्हनते ना मी!"

म्हणजे भांडण तेच, जोर तोच, फक्त उलटं. दोन्ही आळ्यांनी बाजू घेतल्या. खालच्या आळीच्या बायका वरच्या आळीच्या मासवडीसाठी गळे काढत होत्या, वरच्या आळीच्या खालच्यासाठी. पत्र्यावरची कबुतरं उडून तळेगावच्या दिशेने गेली ती अजून आलेली नाहीत. साहेब कानावर हात ठेवून, "ओ ताई, ओ मावशी" करत होते. ड्रायव्हर जागा होऊन पुन्हा ताटावर बसला होता.

आणि त्या गोंगाटात कुणीतरी म्हणालं, "अवो, मंग दिवसपाळीला एक आन् रातपाळीला एक करा की!"

कोण म्हणालं? पंचक्रोशीत मी सांगतो की मी म्हणालो. वहिनी सांगते आत्या म्हणाली. आत्या सांगते वहिनी म्हणाली, आणि त्यावरून त्यांचं आजही भांडण होतं. पण जे बोललं गेलं ते बरोबर होतं. सकाळच्या पाळीला खोबऱ्याची मऊ वडी, पोरं शांतपणे कामाला लागतील. रात्रपाळीला आत्याची. पहाटे मशीनवर ज्या पोराचा डोळा लागतो त्याच्या पोटात आत्याचा रस्सा असेल तर डोळा काय, त्याचा अंगठासुद्धा झोपणार नाही.

साहेब उभे राहिले. स्वतःशीच पुटपुटले. "सोमवारी दिवसा गोड, शनिवारी दिवसा गोड. सोमवारी रात्री तिखट, शनिवारी रात्री तिखट." मग मोठ्याने, "अहो, नियमात बसू लालंय की हे!" आणि मिशीवरून हात फिरवून, "रात्रपाळीत झोपायची लई तक्रार आहे आमच्यात. मॅनेजर मला डोक्यावर घेतील."

"एक सांगू का, सायेब?" आत्या म्हणाली. "उद्यापासनं चमचा आनू नका."

ऑर्डर कागदावर यायला थोडे दिवस गेले, पण आली. ग्रामसभेच्या आधी आली. ग्रामसभेला गोदामवालाही आला होता, कुलपाची दुसरी किल्ली घेऊन. बायका पहिल्यांदाच पुढच्या सतरंजीवर बसल्या. सगळ्यांची नजर दादावर. शब्द पाळायचा होता हे खरं, पण बंगल्याएवढा मोठा माणूस बायकोपुढे हरला असं सभेत कसं म्हणणार? मी माइक हातात घेऊन तयार होतो, त्याला अडचणीतून काढायला. त्याने माइक माझ्या हातातून घेतला.

"वखार गोदामाला देता येत न्हाई," दादा म्हणाला. "आपल्या आज्यांनी भंडारा उचललाय. वखारीत कांदाच राहील. खोक्यात कांदा नसतो."

गोदामवाला म्हणाला, "पण पाटील, मग बायकांच्या चुलीत कुठंय कांदा?"

"सारणात," दादा म्हणाला. "मासवडीच्या सारणात कांदा असतो. रश्शात कांदा असतो. भंडाऱ्याचा शब्द पाळला जातोय." आणि कुलूप त्याच्या हातात ठेवलं.

टाळ्या पडल्या. वहिनीने टाळी वाजवली नाही. ती पदराआड हसत होती, आणि दादा मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

आता मात्र शब्द खराच पाळायचा म्हटल्यावर कांदा लागायला लागला. रोजचा, दोन पाळ्यांचा. बाजारातला आणायचा तर वहिनीला पटेना. बंगल्यामागे थोडीशी जागा उरली होती, तिथे दादा बाग करणार होता, कारंज्याची. तिथे वहिनी आणि आत्याने वाफे पाडले. कारंज्याचा खड्डा आधीच खणलेला होता, त्यात रोप टाकलं. वहिनी पुन्हा वाकली ती बांध आल्यावरच उभी राहिली. बांध म्हणजे आता कंपनीची भिंत. तिला पाठ टेकवून ती पाणी पिते.

कांदा निघाला तेव्हा तो वखारीत न्यायला टेम्पो मागवला होता. टेम्पो चाकणच्या चौकात अडकला. आमच्या चौकातला ट्रॅफिक असा की त्यात अडकलेल्या एका वऱ्हाडाने तिथेच लग्न लावून घेतलं आणि नवरी बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा पुढची गाडी हलली. दुसऱ्या पाळीची वेळ होत आलेली. वहिनी गोण्यांपाशी उभी. दादा बंगल्याच्या पायरीवर उभा. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि पांढऱ्याशुभ्र गाडीचं मागचं दार उघडलं.

पहिली गोणी त्याने स्वतः उचलून ठेवली. चप्पल घालून आत चढला.

तेव्हापासून कांदा त्याच गाडीतून जातो. गाडी कितीही धुतली तरी वास जात नाही. मागच्या महिन्यात आम्ही रावेतला एका लग्नाला त्याच गाडीतून गेलो. मंडपाच्या दारात उतरलो तर अत्तर लावायला उभ्या असलेल्या पोरीने आधी आमच्याकडे बघितलं, मग अत्तरदाणीकडे, आणि ती तशीच खाली ठेवली. मी लाजून काही बोलणार तेवढ्यात दादाने छाती पुढे काढली, तिच्यापुढे मनगट धरलं आणि म्हणाला,

"लाव की बाळ. न्हाई लागायचं, पण लाव. आमच्या घरचा कांदा हाय त्यो."